आधी घड्याळजी शोधा, मग घड्याळ: ठाण्यात राहून जुनी एचएमटी जमवायची तर

जुन्या मनगटी घड्याळांचा नाद असलेल्या कुणालाही विचारा की सुरुवात कशी करू, तर तो लगेच मॉडेलची नावं फेकायला लागेल, पायलट घे, कांचन घे, जनता तर पाहिजेच. माझं म्हणणं वेगळं आहे. आधी आपल्या एरियातला एक चांगल्या हाताचा घड्याळजी शोधा, त्याच्याशी ओळख वाढवा, आणि मग खिशात हात घाला. चाळीस-पन्नास वर्षं जुनं चावीचं घड्याळ म्हणजे चालतं मशीन आहे राव, त्याला दर चार-पाच वर्षांनी सगळं खोलून धुवावं लागतं, तेल घालावं लागतं, आणि हे काम नीट करणारी माणसं ठाण्यात काय नि वाशीत काय, कमीच होत चाललीयत. बरेच जण साठीच्या पुढचे, मुलं दुसऱ्या नोकरीला, दुकानाच्या अर्ध्या काउंटरवर आता मोबाईलची कव्हरं लटकतात. घड्याळं ऑनलाइन ढिगाने मिळतील. ती उघडणारा माणूस कुरियरने येत नाही.

हे सगळं एचएमटी धरून सांगतोय. कारण सरळ आहे, किंमत आवाक्यात, स्पेअर पार्ट अजून मिळतात, कुठलाही जुना घड्याळजी ते मशीन डोळे मिटून खोलतो, आणि घरोघरी कपाटात एखादं तरी पडलेलं असतंच.

कंपनीची गोष्ट, कामापुरती

इतिहास कशाला, असं वाटेल, पण विकणारा जेव्हा "सर हे फिफ्टीजचं एचएमटी आहे, रेअर" म्हणतो तेव्हा हा इतिहास उपयोगी पडतो. पन्नासच्या दशकात एचएमटीचं घड्याळ नव्हतंच मुळी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली बंगळुरात सुरू झाली ती लेथसारखी मशीनं बनवायला, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने. घड्याळाचा कारखाना आला १९६१ ला, जपानच्या सिटिझनशी करार करून. पहिली बॅच नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्या सुरुवातीच्या काळातल्या काही डायलवर एचएमटीसोबत सिटिझनचंही नाव असतं, ती आज कलेक्टर लोकं शोधत फिरतात.

त्याआधी आपल्याकडे मनगटावर काय असायचं तर बाहेरचा माल, रोमर, कॅमी, वेस्ट एंड, आणि फेवर लुबा, जी स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत धंदा करत होती. यातलं बरंच काही नंतर नंतर चोरट्या मार्गाने पण यायचं. म्हणून कारकून, शिक्षक, गिरणी कामगार यांच्या पगारात बसेल असं देशी घड्याळ ही मोठीच गोष्ट होती. जनता हे नाव उगाच नाही दिलेलं. मग जवाहर, पायलट, सोना, कोहिनूर, बायकांसाठी सुजाता, ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसते त्यात, कांचन आणि रजत, अंध माणसांसाठी काच उघडून काटे चाचपता येतील असं ब्रेल घड्याळ. जाहिरातीत 'देश की धडकन' म्हणायचे आणि ती काही फुशारकी नव्हती, एका काळात मागणी इतकी होती की घड्याळ मिळवायला ओळख लागायची.

कारखाने वाढत गेले, बंगळुरूनंतर श्रीनगर, तुमकुर, आणि उत्तराखंडात काठगोदामजवळ राणीबाग. श्रीनगरचा चिनार म्हणून वेगळा विभाग होता, तिथले जनरल मॅनेजर एच. एल. खेरा यांची एप्रिल १९९० मध्ये अपहरण करून हत्या झाली आणि त्या कारखान्याचा कणाच मोडला.

उतरण मात्र बंदुकीमुळे नाही, क्वार्ट्झमुळे, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळांमुळे आली. सेइकोने डिसेंबर १९६९ मध्ये ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. एचएमटी झोपलेली नव्हती, १९८१ मध्ये त्यांनीही क्वार्ट्झ काढलं, पण कारखान्यांचा सगळा डोलारा चावीच्या घड्याळांवर उभा होता. मग टाटा आणि तमिळनाडूचं औद्योगिक महामंडळ यांनी मिळून १९८४ ला टायटन काढली, होसूरला कारखाना टाकला, आणि काही वर्षांत काचेच्या चकाचक शोरूममध्ये पातळ, देखणी क्वार्ट्झ घड्याळं दिसायला लागली. एचएमटीचं तेच ते गोल पांढरं डायल, दुकानदार पण तोच कंटाळलेला. १९९१ नंतर बाहेरचा माल उघड यायला लागला, २००० साली घड्याळांची वेगळी उपकंपनी केली, तोटा वाढतच गेला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस आणि चिनार दोन्ही बंद करायला मंजुरी दिली.

यातलं शेवटचं वाक्य खरेदी करताना सगळ्यात महत्त्वाचं. कारखाने बंद झाले तसे उरलेले पार्ट, डायल, केस (म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी) असा माल बाजारात फुटला, आणि त्यातून जोडून केलेली घड्याळं आजही 'न्यू ओल्ड स्टॉक', म्हणजे जुना पण न वापरलेला माल, म्हणून विकली जातात. चालतात चांगली, पण ती कारखान्यातून तशी निघालेली नाहीत.

पायरी पहिली: माणूस

ठाण्यात असाल तर स्टेशनच्या आसपास, जांभळी नाका, नौपाडा, कोपरी या जुन्या भागात चालत फिरा. मॉलमधल्या काउंटरवर जाऊ नका, तिथे सेल आणि पट्टे बदलतात बास. घोडबंदर रोडला आयुष्य गेलं तरी सापडायचा नाही, नवीन टॉवरच्या खाली सलून सापडेल, पेट क्लिनिक सापडेल, घड्याळजी नाही. नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या जुन्या सेक्टरमधली मार्केटं बघा, नाहीतर सरळ ट्रान्स-हार्बर पकडून ठाण्याला या. रविवारी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत कोणी बोलत नाही. मधल्या वारी दुपारी जा.

जाताना घरातलं एखादं बंद पडलेलं साधं घड्याळ न्या, ज्याचं काही बिघडलं तरी घरात भांडण होणार नाही असं. आणि मग विचारा, काका सर्व्हिसिंग कसं करता? हाच खरा इंटरव्ह्यू. जो म्हणतो "पाठ उघडून तेल सोडतो, दहा मिनिटं बसा", त्याला नमस्कार करून निघायचं, कारण जुन्या सुकलेल्या तेलावर नवीन तेल सोडलं की त्याची पेस्ट होते आणि ती चाकांच्या टोकांना घासत राहते. जो म्हणतो "सगळं खोलावं लागेल, धुवून परत बसवतो, चार दिवस लागतील", तो आपला माणूस. कुणी पेट्रोलमध्ये धुतो, कुणाकडे अल्ट्रासोनिकचं छोटं मशीन असतं, दोन्ही चालतं. तेल कुठलं वापरता हे पण विचारा, मोबियस या घड्याळाच्या तेलाच्या स्विस कंपनीचं नाव निघालं तर छान, वेगात फिरणाऱ्या चाकांना पातळ आणि जोर पडतो तिथे जाड असं वेगवेगळं लावतात का ते ऐकून घ्या.

त्याचं टेबल बघा. खोललेले पार्ट काचेच्या झाकणाखाली आहेत की उघड्यावर पंख्याच्या वाऱ्यात? बदललेला पार्ट गिऱ्हाइकाला परत देतो का? आणि सगळ्यात मोठी खूण, तुम्ही विकत घ्यायचं म्हणून दाखवलेलं घड्याळ बघून तो कधीतरी "नको घेऊ, यात काही राहिलं नाहीये" म्हणतो का. असा माणूस मिळाला की दर पैशा-दोन पैशावरून घासाघीस करू नका. पूर्ण सर्व्हिसिंगचे पाचशे-सातशे मागितले तर द्या, त्याच्या डोळ्याची आणि हाताची किंमत आहे ती.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: काका, पॉलिश नको, डायलला हात लावायचा नाही, काटे बदलायचे नाहीत, काहीही बदलायचं असेल तर आधी फोन. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना घड्याळ चकाचक करून द्यायची सवय असते, त्यांना वाटतं गिऱ्हाईक खूश होईल, ते प्रेमाने पन्नास वर्षांचा चेहरा घासून टाकतात.

पायरी दुसरी: घरचं कपाट

पैसे घालवायच्या आधी आजोळी, काकांकडे, मामाकडे विचारा. रिटायरमेंटला मिळालेलं, लग्नात आलेलं, दहावी पास झाल्यावर घेतलेलं, असं काहीतरी गोदरेजच्या लॉकरमध्ये रुमालात गुंडाळलेलं निघतंच. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांमध्ये जन्म काढलेल्यांच्या घरी तर नक्की विचारा, पंचवीस वर्षं सर्व्हिसची घड्याळं द्यायची पद्धत खूप ठिकाणी होती, कधी पाठीवर नाव आणि तारीख कोरलेली असते, कधी डायलवर कंपनीचा लोगो. बाजारात याला कमी भाव येतो कारण दुसऱ्याचं नाव कोरलेलं कुणाला नको असतं. माझ्या मते उलट आहे, तारीख कोरलेली म्हणजे घड्याळाचा जन्मदाखलाच हातात आला.

आत्याने दिलं तर चावी देऊन लगेच मिरवायला सुरुवात करू नका हं. पंधरा वर्षं ऑइल न बदललेली स्कूटर किक मारल्यावर चालू झाली म्हणून कोणी घाटात नेतं का? आधी घड्याळजीकडे, मग मनगटावर.

पायरी तिसरी: पहिलं घड्याळ कुठलं

जनता. वाद नको. साधं पांढरं डायल, मधला सेकंद काटा, आत १७ ज्वेलचं हाताने चावी द्यायचं मशीन. ज्वेल म्हणजे चाकांची टोकं जिथे फिरतात तिथे बसवलेले कृत्रिम माणिक, घर्षण कमी व्हावं म्हणून, ते विकून काही मिळत नाही, एकाने मला खरंच विचारलं होतं. एचएमटीचं ०२३१ नावाचं मशीन बऱ्याच मॉडेल्समध्ये आहे, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, कानाला लावलं तर ओळखू येतो तो आवाज. डायलवर पॅरा शॉक लिहिलेलं असतं, ती सिटिझनकडून आलेली धक्क्यापासून वाचवायची व्यवस्था.

पातळ आणि सोनेरी आवडत असेल तर सोना. ऑटोमॅटिक हवं असेल तर कांचन, कोनदार केस, वार-तारीख, त्या काळात लग्नातल्या जावयाचं घड्याळ. पण ऑटोमॅटिकची सर्व्हिसिंग महाग आणि किचकट, दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीला ठेवा.

पायलट सगळ्यांना पहिलं हवं असतं, काळं डायल, मोठे आकडे, मिलिटरी लूक. आणि म्हणूनच ते सगळ्यात शेवटी घ्या. याचं कारण मशीनमध्ये आहे: जनता आणि पायलटच्या आत तेच ०२३१, म्हणजे जनताचं पांढरं डायल काढून नवं छापलेलं पायलटचं काळं डायल बसवायला अर्धा तास पुरतो आणि किंमत तिथल्या तिथे वाढते. बाजारात जितकी पायलट फिरतायत त्यातली किती कारखान्यातून पायलट म्हणून निघाली हा विषय न काढलेलाच बरा. देवनागरी आकड्यांच्या जनताचं पण तसंच, खरी आहेत, पण त्यांच्या जिवावर छापलेली त्याहून जास्त.

बजेट म्हणाल तर पहिल्या घड्याळाला दोन-तीन हजारांच्या वर जाऊ नका. सर्व्हिसिंगचे पैसे त्याच बजेटमध्ये धरा, वेगळे नाही.

पायरी चौथी: डायल वाचायला शिका

इथे वेळ द्या, बाकीचं सगळं नंतर जमतं. जुन्या घड्याळाच्या किमतीतला मोठा वाटा त्या एका गोल पत्र्याचा असतो, आणि दुरुस्त न होणारी गोष्टही तीच. मशीन धुता येतं, काच बदलता येते, डायल एकदा रंगवलं की गेलं.

परदेशातले कलेक्टर आपल्याकडून जाणाऱ्या रंगवलेल्या, जोडाजोड केलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ऐकून राग येतो, पण नाव कमावलंय आपणच. जुनं घड्याळ घ्यायचं, डायल खरवडून नारिंगी-निळं-पोपटी रंगवायचं, त्यावर नव्याने छापायचं, केस बफवर घासायची, आणि पार्सल करायचं. यात लबाडीइतकाच इथल्या गिऱ्हाइकाचाही हात आहे, आपल्याला जुनी वस्तू नव्यासारखी दिसलेली आवडते.

दहापटीचं एक भिंग घ्या, दोन-तीनशेला मिळतं. आणि बघायचं काय ते क्रमाने सांगतो. सगळ्यात आधी अक्षरं. कारखान्यातली छपाई भिंगातून पण धारदार दिसते, कडा स्वच्छ, जाडी सारखी. नवी छपाई पसरट असते, अक्षरांच्या पोटात शाई भरलेली, ओळ किंचित तिरकी. मग मिनिटाच्या रेघा बघा, बाराच्या खुणेवर रेघ बरोबर मध्ये येते का, सहाच्या येते का, रेघा डायलच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत का, की एका बाजूला कडेखाली गेल्यायत. रंगवताना चिकटवलेल्या खुणांच्या मुळाशी रंग साचतो, तो पण दिसतो. डायलच्या कडेला छोटी खाच दिसली तर रंगवणाऱ्याने दिशा लक्षात राहावी म्हणून मारलेली असू शकते.

मग चमकणारा रंग, आपण ज्याला रेडियम म्हणतो तो. इतक्या वर्षांचा खरा रंग अंधारात मस्त हिरवा पेटत नाही, पिवळट-तपकिरी झालेला असतो आणि काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा साधारण एकाच छटेचा असतो. आकडे पिवळे आणि काटे पांढरेशुभ्र, म्हणजे काटे नवे. यावरून एक सावधगिरीची गोष्ट, साठच्या दशकाआधीच्या स्विस घड्याळांवर खरंखुरं रेडियम असायचं, किरणोत्सारी, त्याची पावडर नाकात जाणं वाईट. असलं घड्याळ घरी खोलायचं नाही, खरवडायचं तर नाहीच नाही.

आणि मग एकूण वय जुळतंय का बघा. केसचे लग, म्हणजे पट्टा अडकतो ते कान, घासलेले, पाठ ओरखड्यांनी भरलेली, चावीचे दाते झिजलेले, आणि डायल मात्र काल छापल्यासारखं? असं होत नसतं. मला विचाराल तर कडेने थोडं पिवळं पडलेलं, एखादा ठिपका असलेलं डायल डोळे झाकून घ्या, त्या डागाची नक्कल करायला अजून कुणाला परवडत नाही.

जाता जाता सेइको फाइव्हबद्दल, कारण तीही आपल्याकडे ढिगाने आहेत. त्यात खात्री करणं एचएमटीपेक्षा सोपं. पाठीवर ७००९ किंवा ६३०९ ने सुरू होणारा नंबर असतो, ते पहिले चार आकडे आतल्या मशीनचे, उघडून जुळवायचे. डायलच्या अगदी तळाला बारीक अक्षरात पण तेच चार आकडे असतात. सहा आकडी सिरियलचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. भडक नारिंगी डायल आणि तळाला नंबरच नाही असं असेल तर पुढे चला.

पायरी पाचवी: केस, चावी, काच

पाठीवर स्टेनलेस स्टील बॅक लिहिलेलं असतं ते नीट वाचा. फक्त पाठ स्टीलची. वरची केस बऱ्याचदा पितळेवर क्रोमचा मुलामा. आपल्या दमट हवेत घामाने तो मुलामा लगच्या आतल्या बाजूने, पट्ट्याखाली उडायला लागतो, म्हणून पट्टा सरकवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हिरवट काही दिसलं तर पितळ खातंय. थोडं झिजलेलं चालेल, खड्डे पडलेले नको.

चावी ओढून काटे फिरवून बघा, ती स्वतःहून आत-बाहेर होते का, काटे फिरताना कुठे अडकतात का. चावी दुसऱ्याच कंपनीची असेल तर ते माफ, ती झिजणारीच वस्तू आहे. काच प्लॅस्टिकची असते, ओरखडे असले तरी घाबरू नका, पॉलिशने निघतात, अगदी टूथपेस्ट आणि मऊ फडक्याने पण बरेच जातात. काचेच्या ओरखड्यांवरून भाव पाडून घ्या मात्र, विकणाऱ्याला ते माहीत नसतं किंवा तो तसं दाखवतो.

पायरी सहावी: मशीन तपासणं

पूर्ण थांबलेल्या घड्याळाला चावीचे चार-पाच वेढे द्या. चांगलं मशीन लगेच चालू होतं, हलवावं लागत नाही. चावी देताना खरखर, घसरणं, मध्येच सुटणं काही नको. पाठ उघडायला सांगा, नाही म्हणाला तर तिथेच विषय संपला. आत गंज, पाण्याचे डाग, चिरलेल्या डोक्याचे स्क्रू दिसतात का बघा, स्क्रूची डोकी चिरलेली म्हणजे आधी कोणीतरी अडाण्यासारखं हात घातलाय. बॅलन्स चाक, म्हणजे इकडून तिकडे झुलत वेळ राखणारं चाक, रुंद आणि मोकळं झुललं पाहिजे. फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या, फार छान दिसतं.

फोनमध्ये टायमग्राफरची ॲप्स मिळतात, माइकजवळ घड्याळ धरलं की दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते सांगतात. शांत खोलीत धरा, चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर धरून काही कळणार नाही. घड्याळजीच्या काउंटरवरच्या खऱ्या टायमग्राफरवर बॅलन्स चाकाचा झोका पण अंशात दिसतो, अडीचशेच्या वर असला तर उत्तम, दोनशेच्या खाली म्हणजे सर्व्हिसिंग मागतंय. डायल वर, डायल खाली, चावी खाली अशा तीन-चार स्थितीत बघा. दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे हे या वयाला ठीक आहे, त्यावरून विकणाऱ्याशी भांडू नका.

घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर बहुतेक चुंबक लागलंय. स्पीकर, लॅपटॉपचं झाकण, पर्सचं मॅग्नेट, मोबाईलच्या कव्हरचं मॅग्नेट, यातलं काहीही कारण असू शकतं, बॅलन्स चाकाच्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाक घाईने झुलतं. होकायंत्र जवळ नेलं की सुई हलते. घड्याळजीकडे चुंबक काढायचा डबा असतो, दोन मिनिटांचं काम.

पायरी सातवी: बाजार

सगळ्यात चांगला सोर्स तोच पहिल्या पायरीतला माणूस. त्याच्याकडे लोकं दुरुस्तीला टाकून परत न नेलेली घड्याळं ड्रॉवरभर असतात, ओळख झाल्याशिवाय तो ड्रॉवर उघडत नाही.

चोर बाजारला जायचं तर ठाण्याहून सँडहर्स्ट रोड, तिथून चालत मटण स्ट्रीट. शुक्रवारी पक्की दुकानं बंद असतात पण सकाळी लवकर रस्त्यावरचा बाजार भरतो, चटया अंथरून. भिंग आणि छोटी टॉर्च घेऊन जा, सुट्टे पैसे न्या, सांगितलेल्या भावाच्या निम्म्याच्या खालून सुरुवात करा, आणि पहिल्या खेपेला काहीच घेऊ नका, फक्त हाताळा. पन्नास रंगवलेली डायलं एका सकाळी बघितली की डोळा तयार होतो तसा लेख वाचून होत नाही, हा धरून.

ऑनलाइन घेताना डायलचा समोरून, उजेडात, काचेवर चमक नसलेला फोटो मागा, आणि उघड्या मशीनचा. फक्त तिरके, फिल्टर मारलेले फोटो पाठवणारा काहीतरी लपवतोय. वर्णनात रेअर, अँटिक, मिंट हे तिन्ही शब्द असतील तर किंमत नक्की जास्त आहे. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा.

पायरी आठवी: घातल्यावर

चावी रोज सकाळी एकाच वेळी द्या, अडली की थांबा, जोर नको. वार-तारखेचं असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख झटपट बदलायची नाही, त्या वेळी आतले दाते गुंतलेले असतात, तुटतात. सेइकोच्या ७००९ ला हाताने चावी बसतच नाही, ते हातात घालून हलवूनच चालतं, लोकं उगाच चावी फिरवत बसतात.

पावसाळा. पॅरा वॉटर लिहिलेलं असू दे नाहीतर काहीही, पन्नास वर्षांनी रबराची रिंग राहिलेली नसते. जून ते सप्टेंबर जुनं घड्याळ घालून ठाणे स्टेशनच्या पुलावरून जायचं नाही, साधं क्वार्ट्झ वापरा. काचेच्या आतून वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजीकडे, तांदळाच्या डब्यात नाही आणि उन्हात पण नाही. चावीच्या स्टेमपासून, म्हणजे आत जाणाऱ्या बारीक दांडीपासून, गंज सुरू होतो आणि तो आठवडाभर थांबत नाही. खाडीकाठची हवा आहे आपली, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या रंग बदलतात त्या घ्या म्हणजे कधी वाळवायच्या ते कळतं. महिन्यातून एकदा प्रत्येकाला थोडी चावी द्या.

पट्टा बहुतेक १८ मिमीचा लागतो, तरी मोजूनच घ्या, लेदरचा असेल तर घामाच्या महिन्यांत नायलॉन लावा.

एक वही करा. कुठून घेतलं, कितीला, कधी खोललं, काय बदललं, कोणी बदललं. विकायची वेळ आली तर वहीला भाव येतो, नाही आली तरी पुढच्या घड्याळजीला मागचा इतिहास कळतो.

आणि एक बंद पडलेलं ०२३१ नेहमी घेऊन ठेवा, डायल फुटलेलं, केस गेलेली, कसंही, फक्त आत गंज नको. बॅलन्स गेला, स्टेम तुटला की लागणारे पार्ट त्यातून निघतात, नवीन बनणं तर कधीच थांबलंय. घेताना आपल्या घड्याळजीला दाखवून घ्या, उघडून त्यातलं काय काय कामाचं आहे ते त्याच्याकडूनच एका चिठ्ठीवर लिहून घ्या, चिठ्ठी त्याच पाकिटात टाका आणि पाकीट डब्यात.